दोन सीटांच्या मधली जागा

तिसऱ्या शोरूममधून बाहेर पडताना तिने काचेचं दार इतक्या जोरात लोटलं, की आतल्या टेबलावरचे गाड्यांचे रंगीत कागद भुर्रकन उडाले. नवरा आधीच बाहेर येऊन जुन्या जीपला टेकून उभा होता, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून.

"काय खोट होती या गाडीत?" तिने विचारलं.

"खोट नाही गं. मन भरलं नाही."

"मन? गाडी घ्यायचीय की जावई शोधायचाय?"

"ए, मला मध्ये ओढू नका," जीपच्या मागच्या बाकावरून लेक म्हणाली. तिच्या कॉलेजला सुट्टी होती आणि गेले काही दिवस ती आईबाबांच्या गाडी-शोधात फरपटत होती.

कुणी हसलं नाही. ती नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसली. जीपची सीट म्हणजे फळीवर चढवलेलं रेक्झीन. रस्त्यातल्या पहिल्याच खड्ड्यात नवऱ्याच्या तोंडून बारीकसा 'हं' निघाला आणि तो लपवायला त्याने खाकरल्यासारखं केलं. तिने तो ऐकला. असे सगळे 'हं' तिला पाठ झाले होते. बसतानाचा वेगळा, उठतानाचा वेगळा, आणि रात्री कूस बदलतानाचा सगळ्यांत वाईट.

नवरा मधमाशा पाळायचा. खालच्या बागांचा फुलोरा संपला, की माशांच्या पेट्या ट्रेलरवर चढवून डोंगरावरच्या माळावर न्यायच्या, तिथली रानफुलं संपली की परत खाली आणायच्या, हे त्याच्या धंद्याचं चक्र. पेट्या न्यायच्या त्या पहाटे, माशा बाहेर पडायच्या आत. रस्ता अर्धा डांबरी, पुढे नुसते दगड, मध्ये एक ओढा, आणि शेवटी तो चढ. तिथे चारही चाकांना जोर देणारी गाडी नसेल, तर ट्रेलरच गाडीला मागे खेचून नेईल.

ती स्वतः वनस्पतिशास्त्र शिकलेली. कुठल्या आठवड्यात कुठल्या उतारावर काय फुलेल, हे सांगायचं काम तिचं. घरामागच्या खोलीत मध काढायचा, गाळायचा, बरण्या भरायच्या, आपल्या छोट्या गाडीतून दुकानादुकानात पोचवायच्या, हेही तिचंच. त्या खोलीत दाराच्या कडीपासून दिव्याच्या बटणापर्यंत सगळं चिकट. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं ती मुंगीसारखी राबली आणि तक्रार केली नाही, कारण काम तिला आवडायचं. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. माशांची जितकी काळजी हा माणूस घ्यायचा, त्याच्या पावपटही स्वतःची घ्यायचा नाही. ट्रेलरला त्याने मऊ स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या, पेट्यांखाली रबराचे पट्टे घातले होते. पेट्या वर पोचल्या, की एकेका पेटीला कान लावून आतला आवाज ऐकायचा. माशा शांत असल्या, की याचा चेहरा न्हाऊन आलेल्या बाळासारखा. स्वतः मात्र फळीवर बसून.

शेवटी पाठीने हात टेकले. डॉक्टरांनी मणक्याचे फोटो दिव्यासमोर धरले आणि सरळ सांगितलं, "ही जीप सोडा, नाहीतर डोंगर सोडा."

डोंगर सोडायचा म्हणजे माशांना उपाशी ठेवायचं. म्हणून गाडी. दणके गिळणारी, ट्रेलर ओढणारी, दगडांत न अडकणारी. हट्टाने, भांडून, अबोला धरून तिने त्याला गाडी बघायला तयार केलं होतं. आणि आता हा शहाणा दर गाडीत काहीतरी खुसपट काढत होता. पहिलीची सीट म्हणजे लोणी, पण ती ट्रेलर झेपणारी नव्हती. ते तिलाही पटलं. दुसरी ट्रेलर झेपणारी, दगडांवरून नावेसारखी जाणारी, तर म्हणे समोरचा टीव्हीसारखा पडदा फार मोठा आहे, डोळ्यांवर येतो. तिसरीत तर तो जेमतेम बसला. दार उघडलं, आत एक नजर टाकली, दोन सीटांच्या मध्ये बघितलं, आणि उतरला.

"नको."

हे 'नको' तिच्या डोक्यात दिवसभर घणासारखं वाजत राहिलं. बरण्यांची झाकणं लावताना तिने दोन झाकणांचे आटे मोडले.

"बाबांना मऊ काही नकोच असतं," लेक बरण्या पुसत म्हणाली.

"नको असतं ना? मग पाठ मोडून अंथरुणाला खिळले की मी काय करू? आणि तू दर खेपेला त्यांच्याबरोबर वर जातेस. गाडी चालवताना पाठीत चमक आली म्हणजे?"

लेक एकदम जास्तच लक्षपूर्वक बरणी पुसायला लागली. तिला ते दिसलं. पण रागात असलं, की माणसाला दिसलेलं सगळं कळतंच असं नाही.

चौथ्या गाडीच्या वेळी मात्र तिने ठरवलं, की पळवाट ठेवायची नाही. शोरूमच्या पोरट्याला, म्हणजे गळ्यात पट्टा घातलेल्या त्या गोड बोलणाऱ्या विक्रेत्याला, तिने फोन करून सांगितलं, की आम्ही आमचा ट्रेलर घेऊन येणार, भरलेला, सकाळी तुमचं दुकान उघडायच्या आधी.

"मॅडम, भरलेला म्हणजे कशाने?"

"माशांनी."

"मासे चालतील, मॅडम. फक्त पाणी सांडायला नको."

"मासे नाहीत हो! मधमाशा."

त्याने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. पण गाडी खपवायची होती, त्यामुळे तो आला. गळ्यापर्यंत बटणं लावून आला.

नवऱ्यानेच आठ पेट्या चढवल्या, जाळीची दारं लावली. "आता माशांनाच विचारू," म्हणाला. त्यातल्या त्यात खूश दिसला. विक्रेत्याने नव्या गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकवून घेतला आणि पुढे नवऱ्याशेजारी बसला. मायलेकी मागे. गाडी खरंच सुंदर होती. सीट कमरेला असा काही आधार द्यायची, की कुणी पाठीमागे हात धरून उभं आहे असं वाटावं. गावाबाहेरच्या जुन्या खाणीकडे वळल्यावर रस्ता संपला, खडी सुरू झाली, आणि आत नुसता गुडगुड आवाज. नवऱ्याच्या तोंडून एकही 'हं' आला नाही. तिच्या जिवात जीव आला. घेतली समज ही गाडी, तिने मनात म्हटलं.

"सर, चढ बघा कसा घेतेय," विक्रेता म्हणाला.

"हं," नवरा म्हणाला. हा 'हं' कौतुकाचा होता.

वर पोचून गाडी वळवली आणि खाणीचा उतार सुरू झाला. तेवढ्यात लेक पुढे वाकली. सीटबेल्ट ताणून तिने दोन सीटांच्या मधून हात पुढे घातला आणि ती तिथे काहीतरी चाचपू लागली. न बघता. आपण काय करतोय हे तिला स्वतःलाही कळत नव्हतं, इतक्या सवयीने. तिथे गुळगुळीत झाकण होतं, पेला ठेवायची खळगी होती, एक छोटंसं बटण होतं. हात तिथल्या तिथे फिरत राहिला.

"काय शोधतेयस?" तिने विचारलं.

लेकीने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. समोरच्या आरशात नवऱ्याचे डोळे दिसले, आणि लगेच दुसरीकडे वळले.

जीपमध्ये त्या जागी हँडब्रेकचा दांडा होता.

पडदे-बिडदे सगळी नाटकं. तिसऱ्या गाडीत हा माणूस पहिल्यांदा कुठे बघत होता, ते आता तिला लख्ख दिसलं.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

गाडी थांबली नाही. हळू चालली होती, पण चालली होती.

"सर, ब्रेक," विक्रेता म्हणाला.

नवरा खाली स्वतःच्या पायाकडे बघत होता. दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा. विक्रेत्याने चटकन ते मधलं हँडब्रेकचं बटण ओढून धरलं, चाकं करकरली, मागून ट्रेलरने एक धक्का दिला, आणि गाडी उतारावर उभी राहिली. आठही पेट्यांमधून एकदम गुणगुण उठली.

"कधीपासून?" तिने विचारलं. नवऱ्याला नाही, लेकीला.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेल्या हिवाळ्यापासून. नेहमी नाही होत, आई. उतारावर कधीतरी बाबांचा पाय बधिर होतो. मग ते म्हणतात 'ओढ', आणि मी ओढते. आम्हाला जमतं."

"जमतं!"

ती खाली उतरली. तिने दार आपटलं, भीतीने की रागाने, तिला वेगळं करता येईना. इतक्या पहाटे हातात डबा देऊन तिने पोरीला याच्याबरोबर पाठवलं होतं. बाबांना मदत होईल म्हणून. आणि पोर तिथे दांड्यावर हात ठेवून दरीच्या कडेने उतरत होती.

नवराही उतरला. पाय झटकत, ट्रेलरला धरत मागे गेला आणि सवयीने पहिल्या पेटीला कान लावला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माशांचं नंतर ऐक! आधी माझं ऐक!"

तिने त्याला असं अरे-तुरे कधीच केलं नव्हतं. तो दचकून सरळ झाला.

"पोटच्या पोरीला ब्रेक म्हणून वापरतोस? माशांखाली रबर घालतोस आणि पोरीला—" तिला पुढचं बोलता येईना. "आणि गाड्या नाकारत होतास त्या या दांड्यासाठी? म्हणजे पुढेही हेच चालू ठेवायचं होतं?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू डोंगर बंद केला असतास."

"केलाच असता!"

"मग? माशा मेल्या असत्या ना."

"आणि ही मेली असती तर?"

त्याचा हात पेटीवरून खाली आला. विक्रेता गाडीत बसून समोरच्या काचेतून आकाश बघत होता. असलं काही त्याच्या प्रशिक्षणात बहुधा नव्हतं.

"डॉक्टर म्हणाले होते, पाठीला आराम पडला की पाय सुटेल," नवरा हळूच म्हणाला. "म्हणून तर बघतोय ना गाडी."

"म्हणजे डॉक्टरांनाही माहीत. लेकीला माहीत. फक्त मीच बावळट." तिने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "किल्ली."

"याला किल्ली नसते, मॅडम," आतून विक्रेता म्हणाला. "बटण असतं."

"तुम्ही गप्प बसा. आणि मागे जाऊन बसा."

"अगं, भरलेला ट्रेलर आहे," नवरा म्हणाला. "तू कधी ओढलायस?"

"तू कधी ओढू दिलास?"

ती चालकाच्या सीटवर बसली. पाय पुरेना. विक्रेत्याने मागून अदबीने सांगितलं, की डाव्या बाजूला कळ आहे. सीट पुढे आली, वर आली. समोरचा रस्ता आधी नीट दिसत नव्हता, तो दिसायला लागला. मग त्याने सांगितलं तसं तिने उतारावर गाडी आपोआप आवरणारं बटण दाबलं, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी स्वतःलाच आवरत, एकेक पाऊल टाकावं तशी खाली उतरू लागली. मागचा ट्रेलर एकदा हलला. तिचा पाय ब्रेककडे गेला, तिथेच राहिला, दाबावा लागला नाही. शेजारी नवरा बसला होता. खालच्या सपाटीवर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला हे सोपं नव्हतं.

"हीच घ्यायची," ती म्हणाली. "आणि चालवणार मी. तुझा पाय ज्या दिवशी डॉक्टर लेखी बरा म्हणतील, त्या दिवशी बघू. तोवर पोरगी तुझ्या शेजारी बसणार नाही."

"आई, मला चालवता—"

"तू तर बोलूच नकोस! तुझा हिशेब वेगळा आहे."

पुढचे काही आठवडे घरात फारसं गोड बोलणं झालं नाही. बाजारासमोरच्या रिकाम्या मैदानात ती ट्रेलर मागे घ्यायला शिकली. नवरा मागे उभा राहून हात हलवायचा, "उलटं फिरव, उलटं! तिकडे न्यायचाय तर इकडे!" आणि ती खिडकीतून ओरडायची, "दिसतंय मला!" ट्रेलर दर वेळी हट्टी बैलासारखा भलत्याच दिशेला मान वाकडी करायचा. एकदा तर रागाने तिने गाडी तिथेच सोडली आणि चालत घरी आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. सोडून कसं चालेल? वर फुलं उमलायला लागली होती, हे त्या घरात सगळ्यांत आधी तिलाच कळलं होतं.

निघाले त्या पहाटे थंडी होती. लेक मागे, मांडीवर डबा घेऊन. ओढा आला, गाडी पाण्यात शिरली आणि सावकाश पलीकडे निघाली. दगड सुरू झाले. ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून होती, जबडा आवळलेला. प्रत्येक वळणावर तिला तीच दरी दिसायची आणि त्या दरीच्या कडेने, तिला पत्ता नसताना, झालेल्या सगळ्या खेपा दिसायच्या. राग काही केल्या विरघळत नव्हता. उलट प्रत्येक वळणाबरोबर ताजा होत होता.

शेवटच्या चढाआधी तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेजारून एकही सूचना आली नव्हती. तिने क्षणभर मान वळवली. नवरा सीट मागे टाकून झोपला होता. तोंड उघडं, हात पोटावर. या रस्त्यावर, या दगडांत, गाढ.

"बघ, बघ," ती दात-ओठ खात म्हणाली. "मी इथे जीव मुठीत धरून बसलेय आणि हे बघ कसे झोपलेत."

लेक हसू दाबत पुढे वाकली. "उठवू?"

"खबरदार!" आई म्हणाली, आणि तिने चढासाठी गाडी हळू केली.