भुताच्या सिनेमातला कावळा

दादा गेला तेव्हा घरातले सगळे रडले, फक्त वहिनी आणि मी सोडून. भरल्या घरातून तो अटॅकनं गेला. मी भाकऱ्या थापल्या, आल्यागेल्यांना चहा दिला, कामावर रुजूही झाले. दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात ना, तसं आत सगळं बधिर होतं.

उन्हाळ्यात एक दिवस वहिनीच म्हणाली, बारामतीला भुताचा सिनेमा लागलाय, त्यात मेलेला नवरा परत येतो म्हणे, जाऊ या. तिला सिनेमाचं वेड कधीच नव्हतं. पळसदेवहून एसटीनं आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. मला वाटलं, घाबरून का होईना, रडू तरी येईल.

सिनेमा म्हणजे डोंगर पोखरून उंदीर. तळ्यात बुडालेला नवरा, माळावर हिंडणारी बायको, दार वाजलं तरी कानठळ्या. पाण्यातल्या देवी साती आसरा, त्यांना बिचाऱ्यांना सुळे लावले होते. आमच्याकडे लोक त्यांची ओटी भरतात. त्या कुणाला चावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. बायकोला दुःख झालंय हे कळावं म्हणून ती घडोघडी खिडकीत उभी राहायची.

मग दहाव्याचा प्रसंग आला. पिंडाला कावळा शिवेना, म्हणून घरचे एकेक जण हात जोडून मेलेल्याला शब्द देत होते. कावळा कॉम्प्युटरवर केलेला, पंख एकीकडे अन् अंग एकीकडे. सगळं थिएटर हसलं, मीही हसले. वहिनी खुर्चीच्या टोकाशी सरकून बसली होती. कावळा शिवला तशी ती उठली आणि चला म्हणाली. नवरा परत यायचा अजून बाकी होता.

स्टँडवर बाकावर टेकल्यावर तिनं विचारलं, "वन्सं, आबांनी हाकलला नसता तर शिवला असता का वो?"

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात पिंड नाही, दहावा नाही. दादाचं पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली. त्या दिवशी वहिनीनं दादाच्या आवडीचं चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी गुपचूप परसात ठेवली होती. कावळा आला, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टॉवेल झटकून त्याला हुसकावलं. आपल्यात हे चालत नाही, एवढंच ते म्हणाले.

कावळ्यापुढं काय शब्द देणार होतीस, मी विचारलं.

"शब्द न्हाय वो. अटॅक आला त्या दिशी सकाळी आमचं भांडण झालं हुतं. च्या न पिताच गेलं. राग गेला का, एवढंच इचारायचं हुतं."

भूक लागली की कावळा कशालाही शिवतो, हे मला लहानपणापासून शिकवलंय आणि मी ते मानते.

"शिवला असता, वहिनी," मी म्हणाले. "लगेच शिवला असता."

तोंडाला पदर लावून ती भर स्टँडवर रडायला लागली. भिगवणमार्गे इंदापूरची गाडी लागली, तेव्हा मी तिला हात धरून चढवलं आणि खिडकीची जागा दिली. मला तिचा हेवा वाटला. दादाला विचारायला मला काहीच सुचत नव्हतं.