डावीकडे, कमरेच्या जरा खाली

मंगळवारी सकाळी नांदेडला, आमच्या घरी, माझी पत्नी वारली. मुलगी लातूरला होती. तिला दिवस गेले होते. तिला आणलं नाही.

आमच्याकडे पोटुशी बाईला प्रेत पाहू देत नाहीत. पोटातल्या जिवावर त्याची सावली पडते म्हणतात. कोण म्हणतं, हे कुणी विचारत नाही. अशा दिवशी तर नाहीच. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, जावयाला फोन करून सांगितलं, "तिला कळवा, पण आणू नका." विहीणबाईंनाही ते पटलं. मला हे नंतर कळलं. मी दुपारपर्यंत फाटकाकडे बघत होतो. रिक्षा थांबली की उठत होतो. लोकांना वाटलं मला बसवत नाहीये, म्हणून कुणीतरी पाठीमागे उशी आणून ठेवली.

तेराव्यालाही ती आली नाही. रस्त्याचं काम चाललंय, गाडीत धक्के बसतील, असं ठरलं. पुढं महिनाभरानं आली. जावई गाडी लावत होते तेवढ्यात ती आत आली आणि म्हणाली, "आईला कुठं ठेवलं होतं?" मी हॉलमधली जागा दाखवली. तिथं टीपॉय होता. तिनं तो सरकवला, तिथं उभी राहिली, मग टीपॉय होता तसा ठेवला. जेवली, आणि अंधार पडायच्या आत परत गेली.

त्यानंतर रोज फोन व्हायचा. "कशी आहेस?" "मस्त. तुम्ही?" "मस्त." तिला वाटायचं, बाबा एकटे आहेत, त्यांच्या डोक्याला आणखी कशाला. मला वाटायचं, हिचे दिवस भरत आलेत, हिला माझं काय सांगायचं. मला एका जागी बसता येत नाही, हे मी सांगत नव्हतो. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. पुस्तक हातात असलं की मी तासन्‌तास हलत नसे. आता एक पान वाचून उठायचो, गॅस बंद आहे का बघायचो, फाटकापर्यंत जायचो, येऊन पुन्हा तेच पान. गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जायचो, आणि तिथं पोचलो की घरी काहीतरी राहिलंय असं वाटून लगेच वळायचो.

आमच्या घरात दुसऱ्यांची पाठदुखी खूप येऊन गेली. माझी पत्नी पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी आले होते. अशा माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्या भागात अजून मानतात. ती शाळेत विज्ञान शिकवायची. गल्लीतलं कुणी कंबर धरून दारात आलं की ती "याला काही अर्थ नाही हं" म्हणत पाय लावायची, आणि वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून त्यालाच वाकून नमस्कार करायची. एकदा माझ्या वडिलांनाच उसण भरली. सुनेनं सासऱ्याला पाय कसा लावायचा? वडील चटईवर पालथे पडून ओरडत होते, "अगं लाव की! मी बघत न्हाई."

"तुमी बघायचा प्रश्न हाय का?" आई म्हणाली. "देव बघायलाय की वरून."

शेवटी त्यांच्या अंगावर चादर टाकली आणि तिनं चादरीवरून पाय टेकवला. वडील उठले. उतरली का, असं विचारलं तर म्हणाले, "चादरीमुळं अर्धीच उतरली."

मुलीला सातवा लागला तेव्हा विहीणबाईंचा फोन आला. त्या मूळच्या उदगीरच्या, लातुरात त्यांचं आडतीचं दुकान आहे, आणि त्या आडून कधी बोलत नाहीत.

"सर, तुमची लेक भिंत धरून चालायलीय. तुमाला सांगू नका म्हणली. मी सांगायले."

मी मिळाली ती एसटी धरली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काका, एक काय ते ठरवा." अहमदपूरपर्यंत मी दारातच उभा होतो.

तिच्या घरी पोचलो तेव्हा ती पलंगावर आडवी होती. मला बघून उठायला लागली, आणि ते उठणं मी पाहिलं. आधी कुशीवर वळली, तिथं थांबली. मग एक हात गादीत रोवला, डोळे मिटले, पाय खाली सोडले. तोंडातून आवाज काढला नाही. उभी राहिल्यावर म्हणाली, "मस्त आहे मी."

विहीणबाई बोलल्या. "कवापासून हाय माहिती का? चौथ्यापासून. तुमाला फोन करताना खुर्चीत नीट बसायची, आवाज सरळ यावा म्हणून."

तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की या दिवसांत माकडहाडाजवळचे सांधे सैल पडतात, पोटाचा भार वाढतो, काहींना फार दुखतं. गोळ्या फारशा देता येत नाहीत. औसा रोडला एक कायरोप्रॅक्टर आहेत, हातानं सांधे आणि मणके हलवून दुखणं कमी करतात, गरोदर बायकांनाही बघतात. जायचं तर जा, पण झटका देऊ देऊ नका. जावयांनी मोबाईलवर असे उपचार पाहिले होते, मान पिरगाळल्याचे, हाडं कडकड वाजल्याचे. मी तेवढ्या वेळात जे सापडलं ते वाचलं. चांगलं लिहिणारे होते, धोक्याचं लिहिणारेही होते, आणि दोघांना आपापली खात्री होती. वाचून माझी चुळबुळ वाढली तेवढी.

अशात अक्काचा फोन आला. विहीणबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"कशाला त्या हाडं मोडणाऱ्यांकडं? शिरूर अनंतपाळला एक पायाळू माणूस हाय. नुसता अंगठा लावतो. उद्याच घेऊन जावा."

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली होती. ती फोनकडे बघून म्हणाली, "आत्या, आमच्या घरात पायाळू होती. ती गेली, तर मला तिचं तोंड बघू दिलं नाही. आता दुसऱ्या कुणाचा पाय मी लावून घेणार नाही."

फोनमध्ये अक्काच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग अक्का म्हणाली, "तुझ्या लेकरासाठीच केलं गं," आणि फोन ठेवला. विहीणबाई चहा ठेवायला गेल्या. साखर कुठंय म्हणून त्यांनी आपल्याच स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही औसा रोडला गेलो. मुलगी, विहीणबाई आणि मी. बाहेरच्या खोलीत चाकूरकडचं एक कुटुंबच्या कुटुंब बसलं होतं. आजोबांचा गुडघा, सुनेची मान आणि मांडीवरच्या तान्ह्या बाळाचं काहीतरी, असे तिघं पेशंट आणि बाकीचे सोबत. मी भिंतीवरचा मणक्याचा तक्ता वाचून काढला.

नंबर लागल्यावर आत गेलो. कायरोप्रॅक्टर बाई तिशी-पस्तिशीच्या असतील. "काका, बसा ना," म्हणाल्या.

"बसतो," म्हणालो आणि उभाच राहिलो. "ते मोबाईलवर दाखवतात तसा आवाज काढणार का तुम्ही?"

"नाही काका. आवाजाला लाईक मिळतात. यांना आवाजाची गरज नाही."

विहीणबाईंना दुसरंच विचारायचं होतं. "लेकरू पोटात उलटं असलं तर फिरवून देता म्हणं?"

"नाही मावशी. बाळ आपलं आपण फिरतं. नाही फिरलं तर ते डॉक्टरांचं काम. मी कमरेपुरतं बघते, आणि तेही सगळं जाईल असं सांगत नाही."

हे ऐकून मी बसलो. थोड्या वेळानं पुन्हा उठलो.

टेबलाला पोटाच्या जागी खोलगट भाग होता, तोंडासाठी गोल फट होती. मुलीला हळूहळू पालथं झोपवलं. कितीतरी दिवसांनी ती अशी पालथी झाली असेल. बाई हाताच्या तळव्यानं कमरेखाली चाचपत गेल्या, एका जागी थांबल्या, दाब दिला, सोडला. पुन्हा दिला. जमिनीवर, त्या फटीच्या बरोबर खाली, पाण्याचे थेंब पडताना मला दिसले.

विहीणबाईंनाही दिसले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "रड बाई. आईसाठी रडली न्हाईस तू. हो मोकळी."

फटीतून आवाज आला, "आईसाठी न्हाई रडायले हो. दुखायलंय."

शेवटी बाईंनी विचारलं, "घरी रोज कोण दाबून देईल?" जावई पहाटेच आडतीवर जातात. विहीणबाईंचा एक खांदा वर होत नाही. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

हे काम आईचं. आमच्याकडे बाप मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो, परीक्षेला जाताना, सासरी जाताना. पाठीला हात लावत नाही. बाईंनी माझा तळवा धरून योग्य जागी टेकवला. साडीतून हाड लागलं, आणि मी हात मागं घेतला.

"बाबा, दाबा," मुलगी म्हणाली. "लाजू नका."

तिथून पुढं मी लातूरलाच राहिलो, गच्चीवरच्या खोलीत. मी आलो त्याच दिवशी विहीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या होत्या. "लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत न्हाई म्हणतेत. तुमी काय करताव सर? तहानेनं मरताव का?" मी प्यालो. "चला, एक काम मिटलं," त्या म्हणाल्या.

सकाळी आणि जेवणानंतर दुपारी मुलगी कुशीवर पडायची, गुडघ्यांत उशी घ्यायची आणि मी दाबायचो. ती भिंतीकडे तोंड करून असायची. एका दुपारी तिनं तसंच विचारलं, "मला आणू नका म्हणून तुम्ही सांगितलं होतं का?"

"नाही."

"तुम्हाला विचारलं होतं?"

"नाही. मी तुझी वाट बघत होतो. मला कळलं तोवर आईला नेलं होतं."

तिनं गुडघ्यांतली उशी सारखी केली. मग म्हणाली, "विचारलं असतं तर?"

आणा म्हणालो असतो, असं सांगणं सोपं होतं. मी हात न थांबवता आठवून पाहिलं. तो दिवस, ती माणसं, अक्काचा आवाज. "माहीत नाही," मी म्हणालो.

"डावीकडं," ती म्हणाली. "जरा खाली."

कितीतरी महिन्यांत आम्ही एकमेकांशी खोटं बोललो नाही अशी ती पहिली वेळ होती. मला त्यानं बरं वाटलं नाही. मी वर जाऊन गच्चीत फेऱ्या मारत राहिलो.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. आठवा लागल्यावर मी तिला विचारलं, नांदेडला जायचं का? मी हॉलमधलं सामान हलवून ठेवलं असतं, स्वयंपाकाला बाई लावली असती, तिथलं दवाखान्याचं बघून ठेवलं असतं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"त्या घरात मला झोप लागणार नाही, बाबा. मी आईला तिथून जाताना पाहिलं नाही. मला ती अजून तिथंच आहे असं वाटतं, आणि मग आत गेल्यावर नसते."

मी पुन्हा विचारलं नाही. विहीणबाईंनी अक्काला फोन करून कळवलं, की बाळंतपण इथंच होणार, माहेर वरच्या खोलीत राहायला आलंय.

दुखणं गेलं नाही. कमी झालं. ती भिंत न धरता चालायला लागली, स्वतःच्या हातानं केस धुवायला लागली. औसा रोडच्या बाईंमुळं, माझ्या दाबण्यामुळं की नुसत्या उशीमुळं, ते मला सांगता येणार नाही. बाळाचं डोकं वेळेत खाली आलं. मुलगा झाला. अक्का बारशाला आली तेव्हा मुलीनं वाकून तिला नमस्कार केला आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. दोघींनी त्या मंगळवारचं काही काढलं नाही.

बाळ मान सारखी एकाच बाजूला वळवायचं. विहीणबाई म्हणाल्या, त्या बाईंना दाखवू. मी पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं "नाही" म्हणालो. मोठ्या माणसाची कंबर वेगळी, याची मान माझ्या दोन बोटांत मावत होती. मुलीनं मधला मार्ग काढला आणि त्यांना फक्त फोन केला. त्यांनी स्वतःच सांगितलं, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, माझ्याकडे आणू नका. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं आणि सांगितलं की स्नायू आखडलाय, खेळणं दुसऱ्या बाजूनं दाखवत जा. ते काम माझ्याकडे आलं. मी पलंगाच्या उजव्या बाजूला खुळखुळा घेऊन बसायचो. तो वळेपर्यंत उठता येत नसे.

आता तो दोन्हीकडे बघतो. मुलगी कामावर जाते. जास्त वेळ उभी राहिली की तिची कंबर अजून दुखते, मग ती येऊन भिंतीकडे तोंड करून पडते आणि मी दाबून देतो. नांदेडच्या घराला कुलूप आहे. ती पुन्हा तिकडे गेलेली नाही, मीही चल म्हणत नाही. महिन्यातून एकदा मी जातो, खिडक्या उघडतो, झाडतो, आणि दुपारच्या एसटीनं लातूरला परत येतो.