थोरलीची हळद

माझी थोरली वहिनी कामाला वाघीण, पण धाकटीचं चांगलं झालेलं तिला बघवत नसे. देवाने तिला सगळं दिलं, फक्त ही धाकटी जाऊ तेवढी द्यायला नको होती.

वडिलांनी पेरूची नवी बाग लावली आणि निम्मी-निम्मी दोघी सुनांना सांभाळायला दिली. कलमं लहान आहेत तोवर मधल्या पट्ट्यांत जी जे पिकवेल ते तिचं. दोघींनी हळद लावली. धाकटीने मात्र प्रत्येक कलमाभोवती हात-दीड हात जागा मोकळी सोडली. थोरली बांधावरून म्हणाली, "काय गं, झाडं मांडी घालून बसणार आहेत का?" धाकटी नुसती हसली. ते हसणं हिला झोंबलं. हिने पार बुंध्यापर्यंत हळद लावली.

काढणीला थोरलीचा ढीग खरंच मोठा निघाला. आल्यागेल्याला ती हाताला धरून अंगणात नेई. धाकटीचा ढीगही दाखवी, कोणी न विचारता.

मग ऊन तापलं आणि हिची कलमं पिवळी पडू लागली. हळद खणताना कुदळीने त्यांची कोवळी मुळंही तुटली होती. धाकटीची बाग हिरवीगार. वडील जेवताना म्हणाले, पुढच्या वर्षी सगळी बाग धाकटीकडेच देऊ. वहिनीचा घास हातातच राहिला.

त्यानंतर ती रोज कळशीने पाणी घाली आणि देवापुढे हात जोडून बसे. झाडं वाचव एवढंच मागत होती की आणखी काही, ते देवालाच ठाऊक. उपाय धाकटीला माहीत असणार. पण तिला विचारायचं म्हणजे नाक घासणं. शेवटी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "वन्सं, तुम्ही विचारा. माझं नाव नका घेऊ."

मी विचारलं. धाकटी भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जाऊबाईंना सांगा, यंदा कुदळ लावू नका. फांद्या थोड्या छाटा, बुंध्याशी पालापाचोळा घाला. मध्ये फक्त कोथिंबीर. ती हाताने उपटता येते."

निरोप ऐकून वहिनी म्हणाली, "एवढं मलाही कळत होतं." आणि त्याच संध्याकाळी फांद्या छाटायला गेली.

दोन कलमं गेली, बाकीची फुटली. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. दोघींची कोथिंबीर उगवली तशी वहिनी मला बांधावर घेऊन गेली. मला वाटलं, आपली झाडं दाखवेल. ती पलीकडच्या वाफ्यांकडे बघत होती.

"वन्सं, खरं सांगा," ती हळूच म्हणाली, "तिची जास्त दाट आलीय का हो?"