बिब नंबर एक

मोठ्या स्क्रीनवर पहिल्या क्रमांकाचं नाव झळकलं, तेव्हा सर्वांत पुढचा धावपटू हिंगोलीपासून अजून बराच लांब होता. बँडवाल्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

स्क्रीन माझी होती. शर्यतींची वेळ मोजणं हा माझा धंदा. धावपटूच्या छातीवर नंबराचा कागद असतो, त्याला बिब म्हणतात. बिबच्या मागे चिप चिकटवलेली असते आणि सुरुवातीला व शेवटी रस्त्यावर मॅट अंथरलेली असते. चिप मॅटवरून गेली की कॉम्प्युटर वेळ नोंदवतो. मधलं अंतर ती पायी आली की गाडीतून, हे तो विचारत नाही. त्याचा माणसांवर विश्वास आहे.

दरवर्षीची ही एकवीस किलोमीटरची शर्यत यंदा कनेरगाव नाक्यावरून सुटून हिंगोलीत संपणार होती. वाटेत एक मॅट लावू, मध्येच कोणी गाडीत बसला तर कळेल, असं मी सुचवलं होतं. समितीनं त्याऐवजी आणखी एक स्वागतकमान उभारली.

मुख्य पाहुण्यांना बिब द्यायचं, हे समितीचे सचिव रामदास सर यांनी आदल्या दिवशी ठरवलं.

"नंबर एक द्या."

"देतो. पण बिनचिपचं देतो. शोभेपुरतं."

"साहेबांना खोटा नंबर?" सर दुखावले. "असलं फसवणुकीचं काम आमी करत न्हाई."

सकाळी साहेबांनी झेंडा दाखवला आणि स्वतःही धावले. पहिल्या ढाब्याच्या पाटीपर्यंत. फोटोग्राफरचा दम तिथपर्यंतच पुरला. मग ते गाडीत बसले आणि धावपटूंना हात करत हिंगोलीत पोचले. कमानीपाशी उतरून, हात जोडत, चालत आले. शेवटच्या रेषेवर फीत ताणलेली होती. ती विजेत्यानं छातीनं तोडायची असते. पण फीत दिसली की साहेब थांबतातच. कोणीतरी धावत ताटातून कात्री आणली. त्यांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, त्यांनी पाऊल पुढे टाकलं आणि माझ्या मॅटनं इमानदारीत बीप केलं.

सूत्रसंचालक स्क्रीनवर येईल ते वाचतात. नाव वाचताना त्यांचाही आवाज जरा अडखळला, पण हार तयार होता.

सॉफ्टवेअरमध्ये धावपटूला बाद करायचं बटण असतं. मी माउसला हात लावला, तोच रामदास सर धावत आले.

"काय करून राहिले तुमी?"

"बाद करतो. एवढ्या वेळात एकवीस किलोमीटर जगात कोणी पळालेलं नाही."

"मग जिल्ह्याचं नावच झालं की!"

"सर, ते गाडीतून आले."

"मला म्हाईत हाय, तुमाला म्हाईत हाय. पण घोषणा झाली ना? साहेबांच्या नावापुढं 'बाद' लिहिल्यावर पुढच्या वर्षी शर्यत कुठं भरवू? माझ्या अंगणात?"

काही वेळानं संघपाल आला. हा गोरेगावचा. सेनगावच्या रस्त्यावर जीप चालवतो आणि पहाटे, जीप काढायच्या आधी, त्याच रस्त्यावर पळतो. तोडायला फीत नव्हती. तिचे दोन तुकडे दोन्ही खांबांना लोंबत होते. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं. द्वितीय.

"सर, माझ्यापुढं तर कोणीच नव्हतं. दुसरा काहून?"

"एक जण होते," मी म्हणालो.

"ते पांढऱ्या गाडीतले? व्हय, त्यांनी हात केला मला. मी म्हणलं, दिलदार माणूस हाय."

पहिला येईल त्याला, आणि फक्त त्यालाच, जिल्ह्यातर्फे राज्याच्या शर्यतीला पाठवतात.

"मागच्या साली बी दुसरा आलो," संघपाल म्हणाला. "तवा खरंच दुसरा होतो. म्हणून बोललो न्हाई."

रामदास सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुसऱ्या क्रमांकाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. मी स्टेजवर गेलो.

"साहेब, अभिनंदन. पुढच्या महिन्यात राज्याच्या शर्यतीला जिल्ह्याकडून आपणच."

"येतो की! झेंडा दाखवायचा ना?"

"नाही. पळायचं. बेचाळीस किलोमीटर. आणि तिथं वाटेतसुद्धा मॅट असतात."

साहेबांनी रामदास सरांना खुणेनं वर बोलावलं.

"खरंय का हे?"

"नियम तसाच हाय, साहेब," सर सतरंजीकडे बघत म्हणाले.

साहेबांचा हात गळ्यातल्या हाराकडे गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी माइक मागितला.

"मित्रहो, जिंकलो असलो तरी तरुणांची वाट अडवणं माझ्या रक्तात नाही. हा पहिला क्रमांक मी आपल्या या पोराला अर्पण करतो!"

फितीपेक्षा मोठ्या टाळ्या झाल्या. रामदास सरांचे डोळे भरून आले. त्याच डोळ्यांनी त्यांनी मला खुणावलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "आता दाबा ते बटण. पण आधी स्क्रीन बंद करा."

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांच्या त्यागाची बातमी होती. फोटोत संघपाल हार घालून घ्यायला वाकलेला असल्यामुळे त्याचे फक्त केस दिसत होते.

राज्याच्या शर्यतीला तोच गेला. नंबर काही आला नाही, पण त्यानं पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळून काढले. तिथूनच फोन आला. "सर, इथले पाहुणे लई साधे हायत. गाडीत बसले ते बसलेच. नंबर न्हाई काढला."

तेव्हापासून मी पाहुण्यांच्या बिबला चिप ठेवतोच. समितीला खोटेपणा चालत नाही. फक्त आदल्या दिवशी ती कात्रीनं मधोमध कापतो. उद्घाटन समजून.