विहिरीतला बाबू

नळीतलं पाणी पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही. मी औषधाचा आणखी एक थेंब टाकला, नळी हलवली, उजेडाकडे धरली. पाणी होतं तसंच, बिनरंगाचं. म्हणजे विहिरीत क्लोरीनचा पत्ता नाही.

"नामदेवभाऊ, टीसीएल टाकता ना रोज?"

"हो जी मॅडम. टाकतो ना जी."

टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ती बादलीत कालवून विहिरीत ओतायची, हे गावच्या जलसुरक्षकाचं काम. नामदेवभाऊ गोंडपिपरीकडच्या या गावाचे जलसुरक्षक. मी पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट. या विहिरीचा नमुना लागोपाठ फेल येत होता. पाण्यात कोलीफॉर्म, म्हणजे माणसांच्या आणि गुरांच्या पोटातले जंतू निघत होते. गावात हगवण सुरू झाली होती. अजून कोणी दगावलं नव्हतं, एवढंच नशीब. हातपंप होता, पण त्याच्या पाण्याला लोखंडाचा वास. त्यात शिजवलेला भात पिवळा पडतो, म्हणून सगळा गाव विहिरीवर.

मी साहेबांना फोन लावला.

"मॅडम, लाल कार्ड द्या आणि या," साहेब म्हणाले. लाल कार्ड म्हणजे या गावचं पाणी धोक्याचं, असा ग्रामपंचायतीला दिलेला इशारा.

"कार्ड देतेच साहेब. पण कार्डानं जंतू मरत नाहीत. पावडरचं पोतं पंचायतीत आहे, गलेलठ्ठ. ते विहिरीपर्यंत का येत नाही, ते बघून येते."

"एक दिवस घ्या. त्यावर नाही."

मी जरा तापट बाई आहे. नामदेवभाऊंना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून विहिरीकडे परतले. पावसाळ्याचे दिवस, विहीर तोंडाशी भरलेली. एक बाई पाणी काढायला आली. बादली सोडण्याआधी ती आत वाकून म्हणाली, "सरक रे बाबू, बादली येऊन राह्यली!"

मला वाटलं, आत कोणी माणूस उतरलाय. धावत जाऊन पाहिलं तर ताटाएवढं कासव सावकाश बाजूला होत होतं.

मी मागे वळले. नामदेवभाऊ मान खाली घालून उभे.

"पावडरनं त्याचे डोळे जातेत म्हणते थे बाजूच्या घरची पार्बताबाई. मले शपथ घातली तिनं. तिचा बुढा माह्या मामासारखा होता जी. कसा टाकू मी?"

"आणि गावातली पोरं?"

"माह्याच पोरीले परवा सलाईन लावून आणलं जी," ते म्हणाले आणि रडायलाच लागले. फैलावर घ्यायचं राहूनच गेलं.

पार्बताबाईंचं घर विहिरीला लागूनच. ही विहीर त्यांच्या नवऱ्यानं गावासोबत खोदली होती. पाणी लागल्यावर त्यानं तलावातून तळहाताएवढं कासव आणून आत सोडलं. आपल्याकडे पूर्वी पुष्कळ गावांत तसं करायचे. कासव किडे खातं, पाणी स्वच्छ राहतं, अशी समजूत. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. बाबू हे नाव कोणी ठेवलं, ते मी विचारलं नाही.

"म्हाताऱ्यानं जाता जाता सांगतलं, त्याले उपाशी नको ठेवजो," त्या म्हणाल्या. "तवापासून रोज सांजेले भाताचे शिते टाकतो मी. येते खायाले. माह्या आवाजाले येते."

खरं सांगते, त्यांची भीती अगदीच खुळी नव्हती. रोजच्या मात्रेनं कासव बहुधा मेलं नसतं. पण एवढी दूषित विहीर पहिल्यांदा साफ करायची तर पावडर कितीतरी जास्त लागते. त्यात कुठलंही जनावर ठेवणं मला पटलं नसतं. मी भांडले नाही. चाचणीच्या एका छोट्या बाटलीत विहिरीचं पाणी भरलं. जंतू असले तर ते दुसऱ्या दिवशी काळं पडतं.

दुसऱ्या दिवशी ते डांबरासारखं काळं झालं होतं. ती बाटली घेतली, शिवाय जवळच्या वनरक्षकालाही सोबत घेतलं. कासव कायद्यानं वन्यप्राणी. ते विहिरीत ठेवता येत नाही, आणि मनाला येईल तिथे मलाही सोडता येत नाही.

"केस होते का मॅडम ही?" वनरक्षक हळूच म्हणाला.

"कासवाला न्यायचंय. बाईंना नाही."

"मंग मी लिहितो, विहिरीत पडलेलं कासव वाचवलं."

मी बाटली पार्बताबाईंच्या हातात दिली.

"हे आपल्या विहिरीचं पाणी हाये?"

"हो, बाई."

"मंग बाबूले काऊन काही होत नाई?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. बाबूही मरेल म्हटलं असतं, तर त्यांनी त्या क्षणी त्याला बाहेर काढू दिलं असतं. पण मला ते जमलं नाही.

"त्याला या जंतूंचं काही होत नाही. होतं ते नामदेवभाऊंच्या पोरीला. आणि दोष बाबूचा नाहीच. विहिरीचा ओटा फुटलाय, गुरांचं शेणपाणी आत झिरपतंय. पावडर पडली असती तर हे जंतू मेले असते."

त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पाहिली. नामदेवभाऊ दाराशीच होते. त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "काऊन सांगतलं नाई रे, पोरगी दवाखान्यात होती म्हून?"

"तुमचा जीव दुखला असता."

"माहा जीव!" असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आणा टोपली."

टोपलीला दोर बांधून, आत भात ठेवून ती पाण्यात सोडली. वनरक्षकानं हाक मारली, नामदेवभाऊंनी मारली. बाबू तळाशी जाऊन बसला, हलेना. शेवटी सगळे पार्बताबाईंकडे बघायला लागले.

"मीच बलावू?" त्या म्हणाल्या. "इश्वासानं येईल ना तो."

राहू द्या बाई, असं अगदी माझ्या ओठांवर आलं होतं.

त्या काठावर बसल्या. चार शितं टाकली. "ये बाबू. ये माह्या राजा, ये." पाण्यात बुडबुडे आले, मग डोकं वर आलं. तो सरळ टोपलीत शिरला आणि खायला लागला. वनरक्षकानं दोर ओढला.

तलावापर्यंत पार्बताबाईंनी त्याला कोणाच्या हातात दिलं नाही. पाठीवरचं शेवाळ पदरानं पुसलं आणि काठावर ठेवलं. तो थोडा थांबला आणि पाण्यात गेला.

"मागं पाह्यलंबी नाई," त्या म्हणाल्या. "बुढ्यासारखाच गेला." रडता रडता त्यांना हसू फुटलं.

त्याच दिवशी विहिरीत भरपूर पावडर पडली. क्लोरीन उतरेपर्यंत गाव कुरकुरत हातपंपावर गेला. मग पंचायतीनं ओटा बांधला. नळीतलं पाणी रोज पिवळं व्हायला लागलं, पुढचा नमुना पास झाला आणि नामदेवभाऊंची पोरगी शाळेत जायला लागली.

काही आठवड्यांनी मी पुन्हा गेले. पार्बताबाईंचं दार बंद. त्या तलावावर सापडल्या. तिथले ढिवर मासेमार मला पाहताच तक्रार घेऊन आले.

"मॅडम, कोणता कायदा सांगतला तुमी बाईले? जाळ्यात कासव आला का सोडाच लागते. नाईतं काठावरून शिव्या देते थे."

"बाबू दिसतो का?" मी पार्बताबाईंना विचारलं.

"काय मालूम," त्या म्हणाल्या. "पाण्यात सारेच सारखे दिसतेत. आता जो दिसते तो आपलाच वाटते."

पाण्यात क्लोरीन नसेल तर पावडर तपासा, मात्रा तपासा, टाकणारा माणूस तपासा, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. आता नवीन पोरांना शिकवायची पाळी माझ्यावर येते, तेव्हा मी त्यात एक भर घालते. विहिरीत कोण राहतं, तेही विचारा.