परवानगी न घेता खेळलेला सामना

मी तेव्हा एका व्यावसायिक संघाकडून कबड्डी खेळायचो. सामन्यानंतरच्या भांडणात माझ्या हातून एका खेळाडूचा जबडा मोडला. भंडाऱ्याच्या कोर्टाने तुरुंगात न धाडता मला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. जामीनदार म्हणून थोरल्या बहिणीने सही केली. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, अशी अट होती.

आठ महिने भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या घरात माझे पाय नुसते शिवशिवत राहिले. मग रायपूरच्या सामन्यासाठी संघाचा फोन आला आणि मी कुणाला न विचारता गेलो. त्या सामन्याचा व्हिडिओ माझ्यावर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याने पाहिला आणि मला कोर्टाचं समन्स आलं.

कोर्टाबाहेर मला बाकावर बसवेना. बहीण म्हणाली, "परवानगी काहून नाही मागितली रे?"

"नाही म्हटलं असतं त?"

"अर्ज केला असता त दिली असती, असं ते अधिकारी साहेबच म्हणून राहिले."

न्यायाधीशांनी हमी रद्द करून जुन्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची कैद सुनावली. संघानेही करार मोडला.

सुटलो तेव्हा बहीणच न्यायला आली. ऑटोत शहापूरपर्यंत मी विचार करत राहिलो, पण माझ्यासाठी सही करणाऱ्या तिची माफी कशी मागावी हे मला सुचेना.