सोडण्याचं कारण

नमस्कार मंडळी. तुमचे अनुभव मी रोज दुपारी पंख्याखाली आडवं पडून वाचते, आणि वाचता वाचता बहुतेकांची उलटतपासणी घेते. अंधार होता म्हणता, मग साडीचा रंग कसा दिसला? तीस वर्षं पुण्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवले, सवय जात नाही. भूत, आत्मा, संकेत वगैरे मी कधीच मानलं नाही. आजही मानते असं नाही… पण एक प्रकार माझ्याच बाबतीत घडला. भर दुपारी, शेकडो माणसांत, आणि चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. तेव्हा आता माझी उलटतपासणी तुम्ही घ्या.

नवरा गेल्यावर मी मुलाकडे सिंगापूरला आले. यिशुनमध्ये नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. मुलगा अनिरुद्ध क्वीन्सटाउनकडे एका आयटी कंपनीत. सून केतकी रॅफल्स प्लेसला एका बँकेच्या कायदा विभागात. नात ओवी आठ वर्षांची, मराठीत विचारलं तरी उत्तर इथल्या इंग्रजीत "कॅन लाह, आजी", म्हणजे 'चालेल की', असं देणारी. मी अडुसष्ट वर्षांची. गुडघे त्याहून मोठे.

केतकी नोकरी सांभाळून एलएलएम करत होती. आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लास, शनिवार-रविवार लायब्ररी. त्या डिग्रीत दोन वाटा. साधी एलएलएम घ्या, चार-सहा विषय आपल्या आवडीचे निवडा आणि मोकळे व्हा. नाहीतर एखाद्या शाखेत स्पेशलायझेशन करा – जहाजांचा कायदा, पेटंटचा कायदा, नाहीतर लवादाचा, ज्याला ही मंडळी आर्बिट्रेशन म्हणतात. केतकीने लवाद घेतला होता. इथे सगळे म्हणतात, त्यालाच स्कोप आहे. पण त्याला जादा पेपर आणि वर मोठा प्रबंध. दीड वर्षात पोरगी चिपाडासारखी झाली. जेवताना घास हातात धरून बसायची, आणि आपण हाक मारली की "हो, हो, वाचतेय" म्हणायची. घरात एक थकवा भरून राहिला होता, दमट हवेसारखा. एसी लावूनही जाईना.

शेवटी तिने ठरवलं की स्पेशलायझेशन सोडायचं आणि साध्या एलएलएमवर यायचं. त्याचा फॉर्म एका शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जायला हवा होता. इथे सगळं ऑनलाइन असतं, पण हिच्या प्रवेशाला बँकेची शिफारस होती, म्हणून या कागदावर साहेबाची शाईची सही हवी. ऑफिसच्या प्रिंटरवर छापला तर चार जण बघतील म्हणून तिने तो घरी छापला, हाताने भरला… आणि डायनिंग टेबलवर विसरून गेली.

साडेदहाला फोन आला. मला यायला जमेल का, असं विचारताना तिचा आवाज इतका दमलेला होता की मी गुडघ्यांना न विचारताच हो म्हटलं. फॉर्म टिचबटणाच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये होता. तो पिशवीत घातला आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडली. यिशुनहून रॅफल्स प्लेस थेट आहे, पाऊण तास बसून राहायचं.

पाऊण तास बसलेली वकील बाई, हातात दुसऱ्याचा कागद… वाचू नये हे मला कळतं. वाचला.

'सोडण्याचं कारण' असा रकाना होता आणि त्याखाली केतकीच्या सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं की घरात वृद्ध सासूबाई असतात, त्यांची देखभाल करावी लागते.

माझी देखभाल! सकाळी पोळ्या मी करते. ओवीला बसवरून मी आणते. केतकीचा डबा मी भरते. बिशान स्टेशन येईपर्यंत माझा नुसता संताप होत होता. घरी जाऊन अनिरुद्धला सांगायचं, दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, असली चिल्लर भांडणं मनात रचत होते. मग नोव्हेना गेलं आणि एकदम सगळी हवाच गेली माझ्यातली. कारण हे वाक्य माझं होतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मीही एलएलएमला होते. पुण्यात. चोवीस वर्षांची, नवीन लग्न झालेली, आणि स्वतःला सरन्यायाधीश समजणारी. काय ध्यान होतं ते! पांढरी साडी, काळा कोट, भाजीवालीशी घासाघीस करतानाही "माझं असं निवेदन आहे" म्हणायचं. तेव्हाही विषयांचे गट असत. आमचे सर म्हणाले होते, तू हिंदू कायदा घे, तो तुला येतो. मी घटना घेतली. का? तर ऐकायला भारदस्त वाटतं. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "काय शिकतेस गं?" मी म्हणायचे, "घटना." त्या गप्प व्हायच्या. तेवढ्यासाठी.

दुसऱ्या वर्षी मी ते सोडलं, आणि आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले की सासरी कुठे जमतं? नवऱ्याने, मुलाने, सगळ्यांनी तेच ऐकलं. केतकीनेही ऐकलं होतं, लग्न ठरलं तेव्हाच. "तुला तसं होऊ देणार नाही" असं मोठ्या मनाने म्हणाले होते मी तिला.

आणि आता मीच तिच्या रकान्यात जाऊन बसले होते. ओवीला मोठेपणी हेच सांगितलं जाणार – आईला लवादाचं करायचं होतं गं, पण आजी… मी मेल्यावरही मी कारण म्हणून जिवंत राहणार. बोलावं का केतकीशी? कुठल्या तोंडाने? ठरवलं, गप्प बसायचं. कागद द्यायचा, परत यायचं.

रॅफल्स प्लेसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या स्टॉल्समध्ये, भेटायचं होतं. साडेबारा म्हणजे तिथे जत्राच. इथली एक रीत आहे. रिकामं टेबल दिसलं की त्यावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जायचं. टेबल तुमचं. कोणी उठवत नाही, कोणी ते पाकीट हलवत नाही. मला हे फार आवडतं, इतका कबजा तर आमच्याकडे कोर्टाच्या हुकुमाने मिळत नाही. पण माझ्याजवळ पाकीट नव्हतं. खांद्यावर पदर असताना कागदी रुमाल कोण बाळगतं? मग मी काय केलं असेल… तो फोल्डरच टेबलवर ठेवला. वर चष्म्याचं रिकामं घर ठेवलं, वजन म्हणून. सुनेचा एकुलता एक फॉर्म, जागा धरायला. म्हातारीची अक्कल.

टेबलच्या दुसऱ्या टोकाला एक चिनी गृहस्थ माशाचं सूप पीत होते, गळ्यात ऑफिसचं कार्ड. त्यांना हाताने खूण केली, त्यांनी मान हलवली. मी दहा पावलांवर कॉफीच्या रांगेत उभी राहिले. परत आले तेव्हा चष्म्याचं घर जिथल्या तिथे होतं, फोल्डरचं बटण लावलेलं होतं, गृहस्थ सूपच पीत होते.

दोन मिनिटांत केतकी आली. धपकन बसली, माझी कॉफी ओढून एक घोट घेतला, फोल्डर उघडून कागद बाहेर काढला आणि थांबली.

"आई, हे तुम्ही लिहिलंत?"

सोडण्याच्या कारणाखाली हिरव्या शाईच्या दोन आडव्या रेघा होत्या. शेजारी समासात देवनागरीत लिहिलं होतं, 'खरे कारण?' प्रश्नचिन्हाखाली टिंब नव्हतं, छोटं गोल वर्तुळ होतं. केतकीचा अंगठा कागदावरून सरकला तशी शाई पुसटली आणि तिच्या अंगठ्याला लागली. ओली होती.

मी पिशवी टेबलवर उलटी केली. प्रवासाचं कार्ड, खोकल्याच्या गोळ्या, एक घडी केलेली प्लास्टिकची पिशवी, घराची किल्ली. पेन नव्हतं, हिरवं तर नव्हतंच. मग मी त्या गृहस्थांना माझ्या कोर्टी इंग्रजीत विचारलं की इथे कोण आलं होतं. "नोबडी, आंटी," ते म्हणाले. "आय सिट हिअर होल टाइम." आणि सूप संपवून निघून गेले.

"मग कोणी लिहिलं?" केतकी म्हणाली.

मला घाम फुटला होता. तो नेहमीचा इथला घाम नव्हे. कारण त्या रेघा, ते वर्तुळ, ती शाई मला माहीत होती. आमचे सर हिरव्या शाईने तपासायचे आणि टिंबाच्या जागी वर्तुळ काढायचे, त्यावरून आम्ही त्यांची नक्कल करायचो. एलएलएम सोडताना मी त्यांना अर्ज दिला होता, 'सासरच्या जबाबदाऱ्यांमुळे'. त्यांनी त्या शब्दांखाली दोन रेघा मारल्या, समासात हेच दोन शब्द लिहिले आणि कागद मला परत दिला. मी तो कागद कोणाला दाखवला नाही. सर जाऊनही तीस वर्षं होऊन गेली.

हे सगळं मी केतकीला सांगितलं. आजूबाजूला थाळ्यांचा खडखडाट, कोणीतरी आमच्या टेबलकडे बघत उभं. आणि मग उरलेलंही सांगितलं, जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. पहाटे उठून मला चहा करून द्यायच्या. मी वाचत बसले की रेडिओ बंद, घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. माझा डबा त्या भरायच्या. त्यांनी मला कधी अडवलं नाही. मला प्रबंधाची भीती वाटली होती. पहिली दोन प्रकरणं सरांनी परत केली होती, भारदस्त गट घेतला पण त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. नापास झाले असते तर हळदीकुंकवाच्या बायका काय म्हणाल्या असत्या? त्यापेक्षा सासू बरी. सासू म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही.

"त्यांना कळलं होतं?" केतकीने विचारलं.

"एका लग्नात मी कुणालातरी सांगत होते, त्या मागे उभ्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. दुसऱ्या दिवशी मी कोर्टात जायला निघाले तर डबा तयार होता."

केतकीने अंगठ्यावरची शाई बोटाने चोळली. "सॉरी, आई," ती म्हणाली. "तुमचं नाव घातलं की ते लगेच हो म्हणतील असं वाटलं."

"म्हणालेच असते. इतकी वर्षं म्हणतायत."

"मला भीती वगैरे नाही वाटत हो. येतं मला ते. मी फक्त दमलेय. इतकी दमलेय की झोपून उठल्यावरही दमलेली असते."

"मग तसं लिही."

"असं कुणी फॉर्मवर लिहितं का?"

"नाही लिहीत," मी म्हटलं. "म्हणून तर सासवा लागतात."

ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा, आणि हसता हसता डोळे पुसले, पुसताना हिरवं गालाला लागलं. मग उठली, ऑफिसात जाऊन सगळ्यांच्या देखत नवा फॉर्म छापला. कारणाच्या रकान्यात तिने इंग्रजीत एवढंच लिहिलं की मी थकले आहे. साहेबाने वाचलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. युनिव्हर्सिटीकडून सोमवारी एका ओळीचं उत्तर आलं, मंजूर. पुढे ती साध्या एलएलएमने पास झाली. आता कोणी विचारलं की स्पेशलायझेशन का नाही, तर ती म्हणते, दमले होते.

अनिरुद्धचं मत आहे की ते मीच लिहिलं, भ्रमात, आणि विसरले. असेल. पण शाई कुठून आणली, आणि दहा पावलांवरून, कॉफी हातात धरून, बंद फोल्डरच्या आत कशी पोहोचवली, हे त्यालाही सांगता येत नाही. केतकी म्हणते विचार करू नका. तो कागद माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

वकील म्हणून मी यावर पुष्कळ डोकं चालवलं. हस्ताक्षर सिद्ध करायचं तर तुलनेला मूळ हस्ताक्षर लागतं. सरांनी परत केलेला तो अर्ज मी तेव्हा त्याच दिवशी घरी येऊन फाडला होता, बारीक तुकडे करून, बंबात घातला होता. पुरावा नष्ट करण्यात मी तेव्हाही हुशार. सूपवाले गृहस्थ पुन्हा कधी दिसले नाहीत. म्हणजे उरला एकच साक्षीदार, मी. आणि मी कसली साक्षीदार, ते वर सांगितलंच आहे… चव्वेचाळीस वर्षं एका बाईविरुद्ध खोटी साक्ष देत आले, आणि ती रोज डबा भरत राहिली. माझ्या शब्दावर कोर्टाने विश्वास ठेवू नये असं माझंच निवेदन आहे.

पण शाई ओली होती.